आप्पांची चाल

माणूस दारातून आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसेपर्यंत मला त्याच्याबद्दल बरंच काही कळलेलं असतं. यात कौतुकाचं काही नाही. फिजिओथेरपीत उमेद घालवलेल्या कुणालाही ते कळेल. एका पायावर वजन नेहमीपेक्षा कमी वेळ टेकतंय, म्हणजे तो पाय दुखतोय. पाऊल टाकताना कंबर एका बाजूला खचतेय, तर खुब्याचा स्नायू दुबळा आहे. एक हात नीट झुलतोय आणि दुसरा अंगाशी चिकटून राहिलाय, असं दिसलं की मी गुडघ्याच्या तक्रारीवर आलेल्या पेशंटलाही फार न घाबरवता न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी देते. पार्किन्सन्समध्ये हाताची थरथर कुणाच्या लक्षात येण्याआधी कधीकधी हेच दिसतं. चेहरा सांभाळायला माणूस लहानपणीच शिकतो. चाल सांभाळायला कुणी शिकत नाही, कारण आपण कसे चालतो हे आपण कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांचं काम वाचनात आलं तेव्हा घरातले बाकीचे चकित झाले, मी झाले नाही. ‘बीट सेबर’ नावाचा एक व्हीआर, म्हणजे आभासी जगात शिरून खेळायचा, गेम आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे आणि गाण्याच्या ठेक्यावर अंगावर येणारे ठोकळे तलवारीनं कापायचे. या संशोधकांनी ५५,५४१ खेळाडूंच्या हालचालींची नोंद तपासली. नोंद तरी कसली, तर डोकं कुठं होतं आणि दोन हात कुठं होते, एवढीच. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. त्यांतून शंभर सेकंदांची हालचाल दिली की पन्नास हजारांहून जास्त लोकांतून नेमका तो माणूस त्यांच्या प्रणालीनं ९४ टक्क्यांहून अधिक वेळा हुडकून काढला. दहा सेकंदच दिली तरी ७३ टक्के. त्याआधी २०२० मध्ये स्टॅनफर्डमध्ये ५११ जणांवर असाच प्रयोग झाला होता. तिथं तर कुणी तलवारही फिरवली नव्हती, लोक फक्त ३६० अंशांचे व्हिडिओ पाहत उभे होते. पाच मिनिटांच्या आतल्या नोंदीवरून ९५ टक्के वेळा माणूस ओळखला गेला.

याच बर्कलीच्या मंडळींनी आणखी एक खोडसाळ प्रयोग केला, आणि तो मला जास्त झोंबला. त्यांनी एक गेम बनवला, बंद खोलीतून कोडी सोडवत बाहेर पडण्याचा. खेळणाऱ्याला वाटतं, आपण कोडी सोडवतोय. प्रत्यक्षात एका कोड्यातला रंग रंगांधळ्या माणसाला दिसतच नाही, एक कोडं सोडवताना खाली बसून उठावं लागतं, एका ठिकाणी किती चटकन हात पुढं करता ते मोजलं जातं. उंची, हातांचा पल्ला, शरीराची तंदुरुस्ती, प्रतिक्रियेचा वेग, अशा पंचवीसहून जास्त गोष्टी काही मिनिटांत गोळा. मी खाली बसून उठायला सांगते तेव्हा पेशंटला माहीत असतं की त्याची तपासणी चालली आहे. इथं तपासणी झाली हेच त्याला कळत नाही.

हे सगळं हेडसेट स्वतः होऊन घालणाऱ्यांचं झालं. न घालणाऱ्याचं काय होतं, ते मला सांगलीच्या लग्नात समजलं. म्हणजे लग्नात नाही, लग्नानंतर काही महिन्यांनी.

ताईच्या मुलाचं लग्न. सीमांतपूजनाची संध्याकाळ, बाकीचं वऱ्हाड यायला उशीर, आम्ही मुलीकडचे नसूनही मुलीकडच्यांपेक्षा आधी येऊन बसलेलो. कॉफी झाली होती, गप्पा संपल्या होत्या. ज्येष्ठ मंडळी पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांवर दगडासारखी बसलेली आणि पोरं मधल्या वाटेत धावत होती. फोटोग्राफरची फौज रीतसर होती: ड्रोन, क्रेन, नवऱ्यामुलाला ‘सर, थोडं हसा’ म्हणणारा मुलगा. आणि त्यांच्याखेरीज एक जण, भाच्याच्या ऑफिसातला मित्र, फोन छातीशी धरून हॉलभर अगदी संथ फिरत होता. रांगांमधून, स्टेजभोवती, पुन्हा मागून. रील करतोय, असं आम्ही धरून चाललो. हल्ली लग्नात कुणीतरी रील करत असतंच.

पुढं एकदा बाणेरला भाच्याच्या फ्लॅटवर गेले. तो म्हणाला, ‘मावशी, ऊठ, इथं मोकळ्या जागेत उभी राहा. लग्नाला जाऊ.’ आणि माझ्या डोक्यावर हेडसेट चढवला.

मी हॉलमध्ये उभी होते. फोटो पाहावा तसं नाही; खरंच आत. मान वळवली की खांबाला बांधलेली झेंडूची माळ, वाकलं की खुर्चीखालच्या चपला. पाऊल पुढं टाकलं की सगळं जवळ येत होतं. या तंत्राचं नाव गॉशियन स्प्लॅटिंग. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकारानं ते पुढं आलं. एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो दिले की संगणक लाखो धूसर रंगीत ठिपके हवेत अशा हिशेबानं मांडतो, की कुठूनही पाहिलं तरी ती जागा तिथंच असल्यासारखी वाटते. स्टुडिओ लागत नाही, फोन पुरतो. एक गंमत मात्र आहे. जे हलतं ते त्याला नीट धरता येत नाही. त्यामुळं धावणारी पोरं वाटेवर नुसती धुक्याची वळवळ होऊन राहिली होती आणि बसून राहिलेले म्हातारे ठसठशीत उतरले होते. मोरपंखी पैठणीचे काठ, काठीची मूठ, कानातल्या श्रवणयंत्राची तार.

आणि दुसऱ्या रांगेत मी बसले होते.

मी स्वतःभोवती फिरून आले. आरशात आपण स्वतःला समोरून पाहतो आणि पाहताना जरा सावरूनच पाहतो. मागून, तिरकं, आपलं लक्ष नसताना, असं स्वतःला पाहायची सोय माणसाला कधी नव्हती. डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसले, ते सोडून देते. मला दिसलं ते असं, की ही बाई सगळं वजन डाव्या बाजूला टाकून बसली आहे, उजवा पाय पुढं सरळ सोडलाय आणि त्या बाजूची कंबर खुर्चीवर नीट टेकलेलीच नाही. पेशंट दारातून आत येताना पाहते तसं मी तिच्याकडं पाहिलं आणि निदान होऊन बसलं. उजव्या खुब्याचं दुखणं मी घरी सांगितलेलं नाही. यांनाही नाही. फिजिओथेरपिस्टचाच खुबा दुखतोय म्हटल्यावर पेशंट काय म्हणतील, हेही त्यामागं होतं. तरी ते तिथं होतं, ज्याला बघता येतं अशा कुणालाही दिसेल असं. आणि ती फाइल भाच्यानं कौतुकानं चाळीस-पन्नास जणांना पाठवली होती.

‘मला यातून काढ,’ मी म्हटलं.

तो गुणी मुलगा आहे. का, असं त्यानं विचारलं नाही. लॅपटॉप उघडून बसला. माझ्याभोवती चौकट आखून ठिपके पुसले आणि माझ्याबरोबर माझ्या शेजारच्या आप्पांचा डावा हात गेला, खांदा गेला, कानशिलाचा तुकडा गेला. माझ्या मागं काय होतं ते फोनला दिसलंच नव्हतं, त्यामुळं तिथं खुर्चीही नव्हती, भिंतही नव्हती, नुसतं भोक. आप्पा म्हणजे ताईचे सासरे. त्या संध्याकाळी मी त्यांच्या कोपराखाली हात घालून बसले होते, कारण पक्षाघातानंतर त्यांचा बसतानाचा तोल डावीकडं जायचा. लग्नानंतरच्या श्रावणात ते गेले. आणि भाचा म्हणाला, ‘बाबा रोज रात्री हेडसेट घालून आजोबांजवळ जाऊन उभे राहतात.’

मी म्हटलं, राहू दे मग.

आपल्या नकळत आपला चेहरा उचलला जातो, ही तक्रार काही नवी नाही. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला, आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या डिसेंबरात, वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी खाजगीपणाच्या हक्कावर तो गाजलेला लेख लिहिला. झटक्यात निघणारे फोटो आणि वर्तमानपत्रांचा भोचकपणा ही त्यांची मुख्य चिंता होती. पुढं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात एका किशोरवयीन मुलीचा चेहरा तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. सुमारे २५,००० चित्रं, दुकानांत आणि गुत्त्यांत टांगलेली. ती लाजेनं अंथरूणच धरून बसली. खटला वरपर्यंत गेला आणि १९०२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ती हरली. असा कुठला हक्क कायद्याला माहीत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी विधिमंडळानं कायदा केला: जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं तर लेखी संमती हवी.

या गोष्टीचं शेपूट मला फार आवडतं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायाधीश ऑल्टन पार्कर १९०४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. फोटोवाले घराभोवती घिरट्या घालू लागले तेव्हा त्यांनी वैतागून जाहीर केलं की मला माझ्या घरात निवांत वागायची मोकळीक हवी, येताजाता फोटो नकोत. त्यावर त्या मुलीनं त्यांना वर्तमानपत्रातून पत्र लिहिलं. आपणच दिलेल्या निकालाची आठवण तिनं त्यांना करून दिली. पार्कर निवडणूकही हरले, पण त्याचं श्रेय तिला देता येणार नाही.

जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी. १९०३ चे हे शब्द आजवर आपल्या मानगुटीवर बसलेत, असं मला वाटतं. आपल्याकडच्या न्यायालयांत गेल्या काही वर्षांत या विषयावर जे निकाल आले ते पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि चक्क ‘झकास’ म्हणण्याची त्यांची ढब यांच्या गैरवापराला मनाई केली. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या ‘भिडू’ला तसंच संरक्षण मिळालं. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशाताईंच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल रोखली. सगळे आदेश योग्यच आहेत. आशाताईंचा आवाज कुणीही बटण दाबून काढावा, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. पण या सगळ्यांच्या मुळाशी बाजारभाव आहे. ज्याची लकब विकली जाते त्याच्या लकबीची चोरी कोर्टात सिद्ध करता येते. हॉलीवूडमध्ये २०२३ साली नटांचा ११८ दिवसांचा संप झाला त्यात गर्दीत उभ्या राहणाऱ्या नटांच्या शरीराचं स्कॅनिंग हा एक मोठा मुद्दा होता. त्यांनी निदान संघटनेच्या जोरावर संमतीची कलमं करारात घालून घेतली. माझ्या खुब्याला बाजारात काय भाव आहे? आणि माझी संघटना कुठली?

कायदा नाही असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण तो हक्क घेऊन आपण जमिनीवर उतरलो की हाती काय लागतं? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे कलम चोरून काढलेल्या चित्रांबद्दल आहे, पण ते शरीराच्या गुप्तांगांपुरतं. मांडवात बसलेल्या बाईची बैठक त्यात येत नाही, येऊही नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती या कल्पनेवरच उभा आहे. माझ्यासारखी क्लिनिक चालवणारी बाईसुद्धा पेशंटच्या नोंदींबद्दल त्याच्या कक्षेत येते. मात्र त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की एखादी व्यक्ती खाजगी किंवा घरगुती कामासाठी जे करते त्याला हा कायदा लागू नाही.

घरगुती काम! भाच्याच्या मित्रानं केलं ते घरगुतीच होतं. भाऊजी रोज रात्री करतात तेही घरगुतीच आहे. आणि कायद्यानं उंबऱ्याच्या आत डोकवू नये, हे मलाही पटतं. उद्या नातवाचा व्हिडिओ काढायला आजीकडून संमतीपत्र भरून घ्यायचं का? पण खाजगीपणावर चर्चा करताना आपण सगळे मोठ्या कंपन्यांकडं आणि सरकारकडं बोट दाखवतो. तेही खोटं नाही. पुणे विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजीयात्राच्या कॅमेऱ्यासमोर मीही चेहरा धरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणारा कॅमेऱ्याचा चष्मा आणि इंटरनेटवरचा चेहरे शोधणारा सर्च यांची सांगड घालून दाखवलं की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडं नुसतं पाहून त्याचं नाव-गाव काढता येतं. तसले चष्मे मे २०२५ पासून आपल्याकडंही दुकानात मिळतात. चित्रण चालू असताना त्यांच्यावर बारीकसा दिवा लागतो. मांडवातल्या रोषणाईत तो कुणी शोधावा? पण हे झालं परक्यांबद्दल. माझी बैठक ज्यानं नेली तो परका नव्हता. माझ्या पानात त्यानं आग्रहानं जिलेबी वाढली होती. माझी अडचण ही, की जे नेलं ते प्रेमानं नेलं, आणि प्रेमाविरुद्ध तक्रार कुठल्या खिडकीवर करायची हे कळत नाही.

आप्पांकडं परत येते.

पेशंटच्या चालीचे व्हिडिओ मी घेते. समोरून, बाजूनं, पाठीमागून. पुन्हा काही आठवड्यांनी तसेच. सुधारणा डोळ्यांना पटकन दिसत नाही, व्हिडिओत दिसते. आधी विचारते, कशासाठी ते सांगते, कागदावर सही घेते. आप्पांचेही घेतले होते. पक्षाघातानंतर पहिल्यांदा ते आधार सोडून चालले तेव्हाचा आहे, आणि नंतरचे. त्यांची मूळ चाल मोठी डौलदार होती. पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कडेकडेनं आयुष्य काढलेला माणूस, टाच दणकन टेकवायचे, हात मागं बांधून. आजारानंतर डावा पाय अर्धवर्तुळ काढत पुढं यायचा. सही करताना डोळे मिचकावून म्हणाले होते, ‘तुझ्या कामापुरतं ठेव हो. पोरांना दाखवू नकोस, हसतील.’

दिवाळीनंतर भाऊजींचा फोन आला. मृत माणसाचा हालता-बोलता अवतार करून देणारं कुणीतरी त्यांना सापडलं होतं. आवाज होता, व्हॉट्सॲपवर आप्पांचे भरपूर व्हॉइस मेसेज होते. चेहरा हॉलमधल्या फाइलमध्ये होता. हालचाल नव्हती, कारण कुणी मुद्दाम चालतानाचा व्हिडिओ कशाला काढतं? ‘तुझ्याकडं आहेत ना गं,’ ते म्हणाले, ‘तेवढे दे.’

दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीनं फेब्रुवारी २०२० मध्ये दाखवलेला एक माहितीपट तेव्हा माझ्या डोक्यात आला. सात वर्षांची मुलगी आजारानं गेलेली. आईला हेडसेट आणि स्पर्श जाणवणारे हातमोजे घालून तिला त्या मुलीच्या आभासी रूपाला भेटवलं होतं. आई मोकळ्या स्टुडिओत उभी, समोर हवेत हात फिरवतेय, रडतेय. त्या छोटीच्या हालचाली दुसऱ्याच एका बालकलाकाराच्या अंगावरून घेतल्या होत्या. जगभर त्यावर वाद झाला. आई मात्र म्हणाली की हे एक गोड स्वप्न पडल्यासारखं होतं. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडंही २०२२ साली तामिळनाडूतल्या एका जोडप्यानं मेटाव्हर्समध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी जगात, स्वागत समारंभ ठेवला आणि नवरीच्या दिवंगत वडिलांचा अवतार तिथं आशीर्वादाला उभा केला. आपल्याकडं लग्नघरात गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून ठेवतात. त्याच्यापुढचं हे पाऊल म्हटलं तर म्हणता येईल.

तरी मी नाही म्हटलं.

भाऊजींना मी कायद्याचं कलम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण सोपं झालं असतं. आप्पा ‘तुझ्या कामापुरतं’ म्हणाले होते, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, ‘मुलगा आहे मी त्यांचा.’ बरोबर आहे. मी म्हटलं, ‘पोरांना दाखवू नकोस म्हणाले होते. तुम्हीच ती पोरं.’ हे बोलायला नको होतं की हवं होतं, अजून ठरत नाही. संक्रांतीपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत. ताईनं मधल्यामध्ये दोन्हीकडचं ऐकून घेतलं.

मला खरा धसका होता तो वेगळा. माझ्याकडचे व्हिडिओ आजारपणातले आहेत. त्यावरून बनलेला अवतार पाय ओढत चालला असता, आणि कालांतरानं घराला तीच चाल आप्पांची म्हणून लक्षात राहिली असती. किंवा त्या मंडळींनी ती दुरुस्त करून दिली असती, गुळगुळीत, कुणाचीच नसलेली. कालव्याच्या कडेनं हात मागं बांधून चालणारा माणूस दोन्हींत नव्हता. तो फक्त आमच्या डोक्यात आहे, आणि थोडासा भाच्याच्या चालण्यात. भाचा टाच तशीच टेकवतो. त्याला माहीत नाही.

महाभारतातल्या नळाच्या गोष्टीत दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचंच रूप घेऊन बसतात. पाच नळ. लहानपणी ऐकलेलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: देवांची पापणी लवत नाही, त्यांना घाम येत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आल्बनी विद्यापीठातल्या संशोधकांनी खोटे व्हिडिओ ओळखायची सुरुवातीची जी एक युक्ती शोधली ती हीच होती: यातली माणसं पापणी मिटत नाहीत. यंत्राला शिकवायला दिलेल्या फोटोंत डोळे मिटलेली माणसं जवळपास नव्हतीच, म्हणून. बातमी फुटली आणि थोड्याच काळात पापण्या लवणारे खोटे चेहरेही निघाले. सचिन तेंडुलकरांचा जानेवारी २०२४ मधला तो गेमिंग ॲपच्या जाहिरातीचा बनावट व्हिडिओ आठवा. स्वतः त्यांना पुढं येऊन हा मी नव्हे म्हणून सांगावं लागलं.

पण गोष्टीतला एक तपशील आपण विसरतो. दमयंतीनं चतुराईनं देव ओळखले नाहीत. तिला ओळखता आलंच नाही. तिनं हात जोडून आपल्या सत्याची शपथ घातली आणि विनवलं, तेव्हा देवांनी आपली लक्षणं स्वतः होऊन प्रकट केली. म्हणजे खरा नळ सापडला तो नक्कल करणाऱ्यांना दया आली म्हणून. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा जो मसुदा काढला त्यात कृत्रिम चित्राच्या किमान दहा टक्के जागेवर तसं लिहिलेलं असावं, असं सुचवलं होतं. देवांनीच पापणी न लववण्याचं मान्य करावं, तसलीच ही तजवीज. चांगलीच आहे, पण ती समोरच्याच्या भलेपणावर उभी आहे. डेन्मार्कनं २०२५ मध्ये वेगळी वाट सुचवली: प्रत्येक माणसाचा चेहरा, शरीर आणि आवाज हे त्याचंच, लेखकाचं लिखाण त्याचं असतं तसं. मला ही कल्पना आवडली होती. पण त्या हिशेबानं आप्पांच्या चालीचे वारसदार भाऊजीच ठरतात, मी नव्हे. मग ‘नाही’ म्हणायचा अधिकार मला कुणी दिला, असं त्यांनी विचारलं तर माझ्याकडं आप्पांच्या त्या एका वाक्याखेरीज काही नाही.

तर आता नवी कथा. भाच्याला मुलगी झाली आहे, बारसं पुढच्या महिन्यात सांगलीला आहे. आमंत्रणाचा मसुदा घरच्या ग्रुपवर फिरतोय. भाच्याच्या बायकोनं ‘कृपया आहेर आणू नये’ याच्या खाली आणखी एक ओळ घातली आहे, की बाळाचं आणि पाहुण्यांचं थ्रीडी स्कॅनिंग विचारल्याशिवाय करू नये, कॅमेऱ्याचे चष्मे बाहेर ठेवावेत. तिनं मला विचारलंही नव्हतं, तिचं तिनंच लिहिलं. त्यावर ताईचं उत्तर आलं, ‘बारशाला बोलावतोय की सोसायटीची नोटीस लावतोय?’ मिरजेच्या काकूंना थ्रीडी म्हणजे काय ते समजावता समजावता भाचा दमला. मग भाचा म्हणाला, आहेर नको असं छापूनही लोक पाकिटं आणतातच, तसं हेही करतील. त्यावर त्याची बायको म्हणाली, ‘आणतात, पण हातात देताना निदान आपल्याला दिसतं तरी.’

भाऊजी एरवी ग्रुपवर सुप्रभातचे फोटो सोडून काही टाकत नाहीत. काल रात्री त्यांनी त्या ओळीखाली आपली दुरुस्ती सुचवली आहे: ‘तरीही कुणी काढल्यास एक प्रत यजमानांकडे द्यावी.’